दोन वेण्यांवालीचं घर

"तुला आमची चष्मेवाली आवडते का? एका शब्दात सांग. हो किंवा नाही. दुसरा शब्द आला की मी पैज हरले."

टपालनं हा प्रश्न विचारला तेव्हा खांबाच्या तोंडात पाणी होतं. मधली सुट्टी, नळांपाशी ही गर्दी, आणि खांब म्हणजे वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा. त्यामुळे त्याच्या तोंडातून जे पाणी उडालं, ते चांगलं वरून आणि चांगलं लांबवर उडालं. पाचवीतली दोन पोरं भिजली. जिन्याआड लपलेल्या मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसल्या.

"कोणी विचारलंय?" बाहीनं हनुवटी पुसत खांब म्हणाला.

"हे उत्तर नाही, हा प्रश्न झाला. आणि दोन शब्द झाले."

"पण तिनं पाठवलंय का तुला?"

"सात! अरे, किती उधळशील?"

खांबाचे कान लाल झाले. ते एवढ्या उंचीवर होते की अख्ख्या शाळेला दिसले. "तिला सांग..." त्यानं सुरुवात केली आणि टपालनं लगेच कान टवकारले. 'तिला सांग' म्हटलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. पण खांब मध्येच थांबला. मान हलवली. "नको, राहू दे. मीच बोलतो तिच्याशी."

आणि तो खरंच जिन्याकडे निघाला. लपलेल्या मैत्रिणींची पळता भुई थोडी झाली.

पैज जिंकली की हरली यावर वर्गात महाभारत झालं. शेवटी कॅप्टननं निकाल दिला. कॅप्टन बास्केटबॉल संघाची कॅप्टन, पण तिचा हुकूम मैदानाबाहेरही चालायचा. "विचारायची हिंमत केली ना? मग जिंकली. नवा भाग आला की पहिला नंबर टपालचा."

आता हे बक्षीस केवढं मोठं, ते कळायचं तर आधी 'खिडकीजवळची जागा' कळायला हवी. ती एक जपानी मांगा मालिका. म्हणजे चित्रांतून सांगितलेली गोष्ट, आणि पुस्तक उघडायचं ते उलट्या बाजूनं. आपलं शेवटचं पान ते तिचं पहिलं. कॅप्टननं पहिला भाग डावीकडून वाचून संपवला होता आणि "छान आहे, फक्त शेवट काही कळला नाही बाई" असं सांगून चार दिवस सगळ्यांची करमणूक केली होती. शाळेच्या वाचनालयात प्रत्येक भागाची एकच प्रत यायची आणि तिच्यासाठी पोरींची रांग लागायची.

गोष्ट साधी. एक मुलगा खिडकीजवळ बसतो. एक मुलगी त्याच्या शेजारच्या बाकावर बसते. त्याला ती आवडते, तिला तो आवडतो. हे सगळं पहिल्या भागाच्या पहिल्या काही पानांतच कळतं. त्यानंतर बावीस भाग झाले, तरी दोघांपैकी एकाच्याही तोंडून ते एक वाक्य बाहेर पडत नाही! तो बोलायला तोंड उघडतो आणि घंटा होते. ती बोलायला तोंड उघडते आणि खिडकीतून चेंडू येतो. एकदा वारा आला, एकदा मांजर आलं. अकराव्या भागात त्यानं अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं, आणि पान उलटल्यावर दिसलं की तिच्या कानांत गाणी चालू होती. त्या दिवशी कॅप्टननं पुस्तक भिंतीवर फेकलं होतं. मग स्वतःच उठून उचललं, फुंकर मारून पुसलं आणि "सॉरी" म्हणाली होती. पुस्तकाला.

बाविसाव्या भागात काय झालं? दोघांनी एकाच वेळी एकाच खोडरबराला हात लावला. त्यावर तीन पानं! खोडरबर, बोटं, बोटांची सावली, पुन्हा खोडरबर. पण खोटं कशाला बोला, त्या तीन पानांवर टपालच्या पोटात जी कालवाकालव झाली ती गणिताच्या पेपरालाही कधी झाली नव्हती.

बावीस भाग पोरी शिव्या घालत वाचत होत्या, त्याचं कारण हेच. त्या गोष्टीत कुणीतरी सतत कुणाकडे तरी बघत असतं. मुलीनं केस जरासे कापले तर त्याला कळतं. ती नेहमीपेक्षा हळू चालली तर त्याला कळतं. "आज गप्प का?" हे तीन शब्द तो मनातल्या मनात का होईना, पण विचारतो. आपण गप्प आहोत हे कुणाला तरी कळतंय, एवढ्या एका गोष्टीसाठी टपाल कितीही खोडरबरं सहन करायला तयार होती.

आणि त्या गोष्टीत आणखी एक मुलगी होती. दोन वेण्यांवाली. तिला नावच नव्हतं. ती नायिकेची मैत्रीण, आणि तिचं काम एकच. यांचं त्यांना सांगायचं, त्यांचं यांना सांगायचं. "तिनं छत्री परत द्यायला सांगितलीय." "तो उद्या येणार नाहीये." आली, सांगितलं, चौकटीबाहेर गेली.

"अय्या, ही तर तूच!" चष्मेवाली एकदा म्हणाली होती, आणि टपालला तेव्हा फार भारी वाटलं होतं.

कारण टपाल नेहमीच अशी धिटुकली नव्हती. एकेकाळी ती इतकी मुकी होती, की बाईंनी एकदा ती समोर बसलेली असताना तिची गैरहजेरी लावली होती आणि तिनं ती लावू दिली होती. मग एका तासाला कुणीतरी तिच्या हातात चिठ्ठी कोंबली, "पुढे दे". पुढची मुलगी म्हणाली, "तिला सांग, नंतर." आणि टपालला शोध लागला! स्वतःचं काही बोलायचं म्हटलं की जिची जीभ टाळूला चिकटते, तीच जीभ 'तिनं विचारलंय' अशी सुरुवात केली की तुरुतुरु पळते. मग काय विचारता! भांडणं मिटवणं, वह्या मागणं, सरांकडून सहलीची परवानगी आणणं. कुणाचंही काहीही असो, टपाल हजर. पाण्याच्या नळापाशी भर गर्दीत उभं राहून मुलाला तसलं काही विचारायचं? तेही जमलं. एकच अट. ते दुसऱ्याचं हवं.

खरं म्हणजे ही कला तिनं शाळेत शोधली असली, तरी शिकली होती घरी.

तिची आई बसस्टँडवर उद्घोषणा करायची. काचेच्या खोलीत माईकसमोर बसून. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." सबंध स्टँडवर, फलाटांवर, स्वच्छतागृहात, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत आईचा आवाज जायचा. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टमध्ये माणसं अडकली की बाबांना फोन यायचा आणि बाबा मोटारसायकलवर बसण्याआधी त्या माणसांशी बोलायला सुरुवात करायचे. "घाबरू नका ताई. हवा भरपूर आहे. दाराला जोर लावू नका. मी निघालोय. काय करता तुम्ही, नोकरी? बोलत राहा माझ्याशी." ओळख ना पाळख, अशा बायाबापड्यांशी बाबा लोण्यासारखे बोलायचे.

फक्त ही दोघं एकमेकांशी बोलायची नाहीत.

ते कधी सुरू झालं, हे टपालला नीट माहीत होतं, कारण ती तेव्हा खोलीत होती. आईला मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं होतं, दुसऱ्या शहरात. सगळ्या स्टँडांसाठी उद्घोषणा ध्वनिमुद्रित करायच्या आणि नव्या मुलींना शिकवायचं. एक वर्षाचं काम. आईनं घाबरत घाबरत सांगितलं, तर बाबा हातातला पाना पुसत म्हणाले, "जायचं तर जा. कोणी धरलंय?" आई गेली नाही. पण त्या वाक्यानंतर ती त्यांच्याशी थेट बोललीही नाही. बाबांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तेही गप्प झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. सगळं कसं शांत. "तुझ्या बाबांना सांग, गीझर टपकतोय." "आईला सांग, उद्या मला उशीर होईल." तिघं एका टेबलावर जेवत असली तरी मीठ टपालमार्फत जायचं.

आणि टपाल नुसतं पोचवायची नाही हं. जरा गोडी लावूनच पोचवायची. आई म्हणायची, "सांग त्यांना, ते बूट दारात पसरले तर एक दिवस मी बाहेर फेकणार आहे." टपाल म्हणायची, "आई म्हणतेय, तुमचे बूट कुणी नेतील, आत ठेवा." बाबा म्हणायचे, "बरं." टपाल स्वयंपाकघरात जाऊन म्हणायची, "बाबा म्हणाले, बरं झालं सांगितलंस." आई भांडी जरा हळू आपटायची. एवढ्यावर टपालचा दिवस छान जायचा. आज थोडे जवळ आले, असं वाटायचं. अगदी खोडरबराएवढे.

निरोप नसला, की मात्र घरात तिच्याशी बोलायला कुणाकडे काही नसायचं. तिला वाटायचं, नळाचा पाइप असाच असेल. पाणी येतं, जातं. पाइपला कधी कोणी विचारतं का, तहान लागलीय का म्हणून?

पैजेनंतरच्या आठवड्यात शाळेत जे झालं, त्याला सगळे 'गोड' म्हणत होते. खांब स्वतः चष्मेवालीशी बोलला. काय बोलला ते कुणालाच कळलं नाही, कारण मध्ये कुणी नव्हतं. पण आता मधल्या सुट्टीत दोघं मैदानाच्या पायऱ्यांवर डबा खायची. पोरी लांबून बघून उसासे टाकायच्या.

"चष्मे, त्याला काही सांगायचंय का?" सवयीनं टपालनं विचारलं.

"नाही गं. सांगेन ना मीच." चष्मेवाली हसली आणि पळाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तेच तर वाईट होतं.

कॅप्टनचे सामने सुरू झाले होते. टपालनं बाकावर एकटीनं डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. समोरच्या फळ्यावर आधीच्या तासाचं अर्धवट पुसलेलं समीकरण होतं. ती ते सोडवत बसली. उत्तर आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सकाळपासून एकाही माणसानं तिला तिच्याबद्दल काही विचारलेलं नाही, आणि आपणही कुणाला काही सांगितलेलं नाही. तोंड तर दिवसभर चालू होतं!

त्याच दुपारी वाचनालयात तेविसावा भाग आला. पहिला नंबर तिचा.

घरी कुणी नसणार म्हणून ती तो घेऊन बसस्टँडवर गेली. लोखंडी बाकावर बसली आणि उजवीकडून पुस्तक उघडलं. डोक्यावर आईचा आवाज घुमत होता, "प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी", इतका जवळ की केसांवरून हात फिरवल्यासारखा, आणि तरीही तो सगळ्या स्टँडसाठी होता. काचेआडून आईनं तिला पाहिलं. मान हलवली. पुढच्या गाडीची वेळ झाली.

तेविसाव्या भागाच्या सुरुवातीला खिडकीवाला आणि नायिका एकमेकांशी अबोला धरून असतात. दोन वेण्यांवाली इकडून तिकडे निरोप घेऊन पळत असते, पळत असते, तिच्या कपाळावर घामाचे थेंब काढलेत. आणि मग पान उलटल्यावर तिचा बाक रिकामा. तिला ताप आलाय. एका चौकटीत एक रिकामा बाक, बस्स. आता निरोप कोण नेणार? एक दिवस जातो, दोन दिवस जातात. दोघं तोंडं वळवून बसतात. पण तिसऱ्या दिवशी त्याला गृहपाठ विचारायचाच असतो आणि विचारायला दुसरं कुणी नसतं. तो म्हणतो, "ऐक ना." घंटा होत नाही. चेंडू येत नाही. आणि शेवटच्या पानांवर दोघं संध्याकाळच्या रस्त्यानं बोलत बोलत चाललीत, चौकटीत संवादांचे फुगे मावत नाहीत इतकं बोलताहेत.

तेवीस भागांनी! टपाल बाकावरून उठून नाचलीच असती. शेजारच्या आजोबांनी पिशवी जवळ ओढून घेतली म्हणून ती बसली.

मग तिनं पानं मागं उलटली आणि रिकाम्या बाकाची चौकट पुन्हा पाहिली. पुढच्या पानांत शोधलं. दोन वेण्यांवाली कुठे झोपली असेल? कपाळावर पट्टी कोण ठेवत असेल? तिची खोली कुठेच नव्हती. टपालनं आठवून पाहिलं. आधीच्या बावीस भागांतही नव्हती. नायिकेचं घर होतं, खिडकीवाल्याचा कुत्रा होता, त्या मध्येच आलेल्या मांजराची पिल्लंसुद्धा होती. दोन वेण्यांवालीला दार नव्हतं, आई नव्हती, डबा खातानाची एक चौकट नव्हती. ती नेहमी कुणाकडून तरी आलेली आणि कुणाकडे तरी निघालेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक वाचलंय म्हटल्यावर कॅप्टन आणि चष्मेवाली तिच्यावर तुटूनच पडल्या. तिनं सगळं सांगितलं. दोघींनी किंचाळून वर्ग डोक्यावर घेतला.

"पण तिचं काय?" टपालनं विचारलं. "दोन वेण्यांवालीचं? तिला बघायला कुणीच गेलं नाही."

"कोण? हां, ती!" कॅप्टन म्हणाली. "अगं, ती आजारी पडली म्हणून तर बरं झालं!"

टपाल हसली. सगळ्या हसत होत्या ना.

त्या संध्याकाळी घरी आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. नेहमी ती सालीची अखंड लांब पट्टी काढायची. आज तुकडे पडत होते.

"बाबांना सांग," ती बटाट्याला म्हणाली, "मुख्य कार्यालयातून पुन्हा विचारलंय. तेच काम. शनिवारपर्यंत कळवायचंय. काय म्हणतात ते विचार आणि मला येऊन सांग."

गीझर नव्हता हा, बूट नव्हते. "आई, तुला जायचंय का?"

आईनं वर पाहिलं. क्षणभर वाटलं, आता खरंच काहीतरी सांगेल. मग ती म्हणाली, "आधी ते काय म्हणतात ते बघ."

बाबा गॅलरीत होते. खुर्चीवर पाय दुमडून बसले होते, नाकावर चष्मा, आणि हातात तेविसावा भाग! टपालनं तो काल तिथंच स्टुलावर ठेवला होता.

"हे तुझं पुस्तक गं," बाबा म्हणाले. तिच्याशी ते आपणहून काही बोलले याचंच तिला इतकं नवल वाटलं, की ती निरोप विसरून दारात उभी राहिली. "सहज चाळायला घेतलं. सगळं वाचलं. चांगलंय."

"आवडलं?"

"संवाद जरा तुटक आहेत. प्रश्नाआधी उत्तर येतं. पण आपल्या घरी तरी काय वेगळं आहे?" बाबा स्वतःच्याच विनोदावर थोडे हसले. "खरं लिहिलंय मात्र. सुरुवातीला बघ, रस्त्यानं किती बोलत जातात दोघं. बडबड बडबड. मग वर्गात बसूनही बोलतात, पण कमी. मग हळूहळू बोलणं तुटत जातं. आणि शेवटी बघतसुद्धा नाहीत एकमेकांकडे. असंच होतं."

टपालच्या आधी लक्षातच आलं नाही. मग बाबांच्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. तो डाव्या बाजूला होता. बाबांनी अख्खं पुस्तक उलटं वाचलं होतं! हसू थेट तिच्या ओठांपर्यंत आलं. 'अहो बाबा' म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"आणि ती दोन वेण्यांची पोरगी," बाबा म्हणाले. "ती यायच्या आधी तोडकंमोडकं का होईना, बोलत होते. ही आली आणि निरोप न्यायला लागली. बिचारी जीव तोडून पळते गं, पण तिच्यामुळे यांना बोलायची गरजच उरली नाही. मग गप्पच झाले."

हसू जिथं होतं तिथंच थिजलं.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. टपालनं गॅलरीचा कठडा धरला. बाबांना काही म्हणायचं नव्हतं, ते गोष्टीबद्दलच बोलत होते. पुस्तक सरळ वाचा नाहीतर उलटं वाचा, दोन वेण्यांवाली मधून गेली की दोघं बोलतात, आणि आली की गप्प होतात.

"आईनं सांगितलंय," ती म्हणाली. जीभ सवयीनं धावली. "मुख्य कार्यालयातून पुन्हा विचारलंय. तेच काम. शनिवारपर्यंत कळवायचंय. तुम्ही काय म्हणता ते विचारलंय."

बाबांनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला, घातला, परत काढला. "तिला सांग..." ते म्हणाले आणि बराच वेळ पुढे काहीच आलं नाही. इथं घंटा होणार, मांजर येणार, असं टपालला वाटत राहिलं. "तिला सांग, तुला योग्य वाटेल ते कर."

गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये एक अरुंद बोळ होता. तिथं फ्रीज होता. टपाल फ्रीजला पाठ लावून उभी राहिली. पाठीत त्याची घरघर जाणवत होती.

तिच्याकडे एक वाक्य होतं. नवव्या भागात नायिका गाव सोडून जाणार असते, तेव्हा खिडकीवाला दोन वेण्यांवालीला सांगतो, "ती गेली तर शेजारची जागा रिकामी दिसणार नाही, चुकीची दिसेल." हे वाक्य टपालला तोंडपाठ होतं. थोडा हात फिरवला की झालं. 'बाबा म्हणाले, तू गेलीस तर घर चुकीचं दिसेल.' आई सुरी खाली ठेवेल. शनिवारी 'नाही' असं कळवेल. आई राहील! रोज संध्याकाळी इथंच बटाटे सोलेल. आणि उद्या सकाळी म्हणेल, "तुझ्या बाबांना सांग, दूध संपलंय." मग चोविसावा भाग. पंचविसावा. आई आयुष्यभर एका वाक्यासाठी थांबेल, जे बाबांनी म्हटलेलंच नाही.

आणि ते वाक्य नाही सांगितलं तर? जे बाबा म्हणाले ते जसंच्या तसं नेऊन दिलं, तर ते पुन्हा 'जायचं तर जा'च झालं. आई शनिवारी हो म्हणेल आणि जाईल.

आणि काहीच नेलं नाही तर? कदाचित ही दोघं शेवटी बोलतील, आणि बोलून झाल्यावर आई तरीही जाईल. कदाचित कुणीच बोलणार नाही, आणि या घरात मिठाचासुद्धा आवाज येणार नाही. आणि ती स्वतः? खांब आणि चष्मेवाली पायऱ्यांवर, ती बाकावर. इथं तर पायऱ्याही नव्हत्या. निरोप न्यायचं कामच गेलं तर तिच्यापाशी काय उरतं, तेच तिला माहीत नव्हतं.

"काय म्हणाले गं?" आतून आईनं विचारलं.

"आईला सांगितलंस का?" बाहेरून बाबांनी विचारलं.

टपालनं खोल श्वास घेतला. मग ती स्वयंपाकघरात गेली नाही आणि गॅलरीतही गेली नाही. जेवणाच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली, जिथून दोन्ही दारं दिसत होती. आणि आईच्या माईकलाही लाजवेल अशा आवाजात ओरडली, "प्रवाशांनी कृपया इकडे यावे! दोघांनीही!"

आई सुरी घेऊनच आली. बाबा पुस्तक घेऊन आले. टेबलाच्या दोन टोकांना दोघं उभी राहिली, आणि दोघंही तिच्याकडे बघू लागली, नेहमीसारखी, निरोपाची वाट बघत.

'तिनं विचारलंय' नाही, 'त्यानं सांगितलंय' नाही. वाक्य कशानं सुरू करायचं तेच सुचेना. मग तिनं ते ज्या शब्दानं कधीच केलं नव्हतं, त्यानं सुरू केलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली, आणि आवाज फाटला, पण तिनं तो फाटकाच पुढे रेटला. "आजपासून मी या घरात कुणाचाही निरोप कुणाला सांगणार नाही. गीझरचा नाही, मिठाचा नाही, मुख्य कार्यालयाचा तर मुळीच नाही. आई, तू जा नाहीतर राहा, पण ते बाबांना तू सांगायचं. बाबा, मघाशी 'तिला सांग' म्हणून तुम्ही जे गिळलंत ना, ते ती इथं उभी आहे तोवर बाहेर काढा. तुम्ही दोघं बोललात तरी मी हेच करणार आणि नाही बोललात तरी हेच करणार. मला भीती वाटतेय, तरीपण. आणि माझ्याशी बोलायचं असेल तर मला माझं काहीतरी विचारा. डबा कुणाबरोबर खाल्ला ते विचारा. एकटीनं खाल्ला. आणि बाबा, ते पुस्तक उजवीकडून उघडायचं असतं. तुम्ही त्याचा शेवट सुरुवातीलाच वाचून टाकलात."